बॉनी थांबली तेव्हा

पहिल्या दिवशी मला कुत्रा मिळालाच नाही. क्लारा म्हणाली, "आज कुत्रा मी."

क्लारा म्हणजे अंध माणसांना मार्गदर्शक कुत्र्याबरोबर चालायला शिकवणारी प्रशिक्षक. परदेशातल्या एका संस्थेनं तिला बॉनी नावाच्या लॅब्रॅडॉर कुत्रीसह तीन आठवड्यांसाठी दोह्याला पाठवलं होतं. पण बॉनीला हॉटेलवर ठेवून ती एकटीच आली. कुत्र्याच्या पाठीवर बांधतात तो पट्टा तिनं स्वतःच धरला, त्याचा कडक दांडा माझ्या डाव्या हातात दिला आणि दोह्याजवळच्या नव्या लुसैल शहराच्या रुंद फूटपाथवर चालायला लागली. मी बावन्न वर्षांचा माणूस, पाइपलाइनवर उभी हयात घालवलेला इंजिनिअर, एका बाईच्या मागे दांडा धरून "फॉरवर्ड", "लेफ्ट" म्हणत चाललो होतो. माझ्या मागे माझी एकोणीस वर्षांची मुलगी जुई हसू दाबत होती.

"बाबा, तू तिला 'गुड गर्ल' म्हणायचं विसरलास."

"क्लाराला?"

"ती आज कुत्रा आहे ना!"

मीही हसलो. जुई माझ्याशी असं बोलून किती महिने झाले होते, ते मला सांगता येणार नाही.

अर्ध्या तासानं क्लारा थांबली. "तुम्ही मला चालू देत नाही," ती म्हणाली. "सारखं ओढता. याआधी कोणाच्या मदतीनं चालत होतात?"

"मुलीच्या."

"किती वर्षं?"

"दोन," मी म्हणालो.

मागे जुईचं हसू थांबलं. दोन हे खोटं होतं. खरं उत्तर आठ वर्षांपेक्षा जास्त होतं आणि त्यातला सुरुवातीचा काळ चालण्याचा नव्हता, गाडी चालवण्याचा होता. हे सगळं मी लिहितोय ते त्या खोट्यामुळे. डोळ्यांचा आजार नुकताच कळला आहे अशा एखाद्या माणसाला कोणी हे वाचून दाखवेल, म्हणूनही.

*

निदानाच्या दिवशी मी वाचायच्या चष्म्यासाठी गेलो होतो. वय त्रेचाळीस, कागदावरची बारीक अक्षरं जरा लांब धरावी लागत होती, एवढंच. तपासणीत एका पांढऱ्या भांड्यासारख्या मशीनमध्ये डोकं ठेवायला सांगितलं. आत बारीक उजेडाचे ठिपके लागतात, दिसला की बटण दाबायचं. मी दाबत होतो. मधे मधे बराच वेळ काहीच लागत नव्हतं. मला वाटलं, मशीन अडकतंय. मी टेक्निशियनला तसं म्हणालोही. 

मशीन नीट चालू होतं. ठिपके लागत होते, मला दिसत नव्हते.

काचबिंदू. दुखत नाही, लाल होत नाही, कडेनं नजर खात आत येतो. डॉक्टर शांतपणे म्हणाले, गेलेली नजर परत येणार नाही, उरलेली टिकवायची तर रोज दोनदा थेंब, न चुकता. मग त्यांनी विचारलं, "गाडी चालवता?"

"रोज."

"आता नको."

घरी येऊन मी मेधाला, माझ्या बायकोला, सांगितलं, "डोळे कोरडे पडतात म्हणे. थेंब दिलेत."

का लपवलं? माझी साइट दोह्याबाहेर वाळवंटात, बिरकत अल अवामेरच्याही पलीकडे होती. गाडी चालवणारा माणूस नसेन तर त्या नोकरीत मी कोणीच नव्हतो, आणि नोकरी नसेल तर आम्हा तिघांचाही कतारचा व्हिसा नव्हता. नाशिकला परत जाऊन काय सांगायचं, हा विचार मला आंधळं होण्यापेक्षा भयंकर वाटत होता. आज हे वाक्य लिहितानाही लाज वाटते, पण तसंच होतं ते.

थेंबांच्या बाटल्यांबरोबरचा कागद मेधा वाचेल, म्हणून मी त्या ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये ठेवल्या. ऑफिसला शुक्रवार-शनिवार सुट्टी. म्हणजे दर आठवड्याला दोन दिवस माझ्या डोळ्यांत औषध नव्हतं. सण, आजारपण, रजा धरून आणखी किती दिवस, ते मी कधी मोजले नाहीत. माझी नजर नुसती आजारानं गेली असं मी कोणाला सांगत नाही. काही भाग त्या ड्रॉवरमध्ये गेला.

*

लायसन्स वाचवणं अवघड नव्हतं. नूतनीकरणाच्या वेळी समोरच्या पाटीवरची अक्षरं मी फाडफाड वाचली. मधली नजर तोपर्यंत शाबूत होती. फॉर्मवर आजाराची चौकट होती, तिथं मी "नाही" लिहिलं.

कडेचं दिसत नाही म्हटल्यावर मी एक खेळ काढला. जुई तेव्हा अकरा वर्षांची होती. सुट्टीच्या दिवशी ती पुढच्या सीटवर बसायची आणि मी म्हणायचो, "को-पायलट तयार?"

"रेडी, कॅप्टन!"

"लेफ्ट?"

"लेफ्ट क्लिअर!"

"राइट?"

"बाबा, थांब थांब! एक अंकल आहेत... आता गेले. राइट क्लिअर!"

तिला फार अभिमान होता त्या कामाचा. मेधा मागच्या सीटवरून म्हणायची, "बापलेकीचं काय चाललंय हे, नीट चालवा की गाडी." आम्ही दोघं हसायचो. काही महिने हे चाललं. माझ्या मुलीच्या दोन डोळ्यांवर मी तीन माणसं घेऊन दोह्याच्या रस्त्यांवर फिरत होतो, आणि तिला ते माहीत नव्हतं.

शनिवारची सकाळ होती. आम्ही दोघंच निघालो होतो. फरीज बिन ओमरानमधल्या आमच्या गल्लीतून मोठ्या रस्त्याला वळायचं होतं. जुईच्या मांडीवर शाळेच्या लायब्ररीचं नवं पुस्तक होतं. मी "लेफ्ट?" म्हणालो. तिनं काही म्हटलं की नाही, मला आजही सांगता येत नाही. मी वळलो.

फार जोरात नाही, पण आवाज झाला. मग समोरच्या काचेवर सगळं पांढरं.

आमच्याच गल्लीतल्या लाँड्रीचा मानबहादूर होता तो. पंचेचाळिशीचा नेपाळी माणूस, सायकलच्या मागच्या दांडीला इस्त्रीचे थोब अडकवून घरोघरी पोचवायचा. इथले अरब पुरुष घालतात ते पायघोळ पांढरे झगे. ते सगळे हँगरसकट रस्त्यावर आणि माझ्या गाडीवर पसरले होते. तो डांबरावर बसून खांदा धरून म्हणत होता, "कुछ नहीं सर, कपड़ा देखो, कपड़ा."

पण हे मी ऐकलं ते दार उघडल्यावर. दार उघडण्याआधी मी एक गोष्ट केली. मी जुईकडे वळलो आणि म्हणालो,

"तू का नाही सांगितलंस?"

माझ्याकडे तेव्हा नाण्याएवढी नजर उरली होती. त्या नाण्याच्या बरोबर मधोमध तिचा चेहरा होता. तो मी स्पष्ट पाहिला.

पोलिसांना मी सांगितलं, ऊन डोळ्यांवर आलं. मानबहादूरचं गळ्याजवळचं हाड मोडलं होतं. तो दीड महिन्यानं कामावर आला, पण जड इस्त्री त्याला उजव्या हातानं पुन्हा कधी उचलता आली नाही, डाव्यानं करायचा. मी मेधाला म्हणालो, दुसऱ्या लाँड्रीत कपडे देत जा, ही महाग आहे. दोन वर्षांनी तो गावी गेला. पुढे एकदा मी दुकानात विचारायला गेलो, तेव्हा नव्या माणसाला त्याचं नावही माहीत नव्हतं.

*

पाठदुखीचं कारण सांगून मी गाडी सोडली आणि सहकाऱ्याबरोबर जायला लागलो. म्हणजे हे आधीही करता आलं असतं. एवढं सोपं होतं.

पुढची वर्षं थोडक्यात सांगतो. मेधाला आजार कळला तो मी जिन्यात पडलो तेव्हा. दोन ऑपरेशनं झाली. हॉस्पिटलमध्ये दर दोन तासांनी एक मल्याळी सिस्टर यायची, "सर, ऊपर देखो" म्हणायची, थेंब टाकायची, आणि मी वर बघायचो जिथं काहीच नव्हतं. तिनंच मला बाटल्यांना रबरबँड लावायला शिकवलं, सकाळच्या बाटलीला एक, संध्याकाळच्या बाटलीला दोन. इतक्या साध्या गोष्टीनं माणसाला रडू येऊ शकतं. मेधा तोवर एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये लागली होती, तिथली ड्यूटी संपवून थेट वॉर्डात यायची, डबा उघडायची, आणि आम्ही भाजीत मीठ कमी की जास्त यावर बोलायचो. दुसरं बोलायला भीती वाटायची.

नजर पूर्ण गेली त्याला दोन वर्षं झाली. नोकरी गेली. आता माझा व्हिसा मेधाच्या नोकरीवर आहे. ज्याची भीती होती ते सगळं झालं आणि आम्ही जिवंत आहोत. पण एक गोष्ट मला कोणी सांगितली नव्हती. नजर गेल्यावरही दिसतं.

मला थोब दिसायला लागले. हँगरला लावलेले, कडक इस्त्रीचे, आत माणूस नसलेले पांढरे थोब. चहा पिताना समोरच्या खुर्चीच्या जागी. बाथरूमच्या दारात. कधी एक, कधी ओळीनं दहा-बारा, सावकाश माझ्याकडे तोंड करून वळणारे. मला वाटलं, वेड लागलं. दोन महिने मी कोणाला बोललो नाही. लपवायची सवय जुनीच. शेवटी डॉक्टरांना सांगितलं तर ते म्हणाले, असं बऱ्याच जणांना होतं. डोळ्यांकडून काही येईनासं झालं की मेंदू स्वतःच चित्रं काढतो. वेड नाही हे. कोणाला फुलं दिसतात, कोणाला टोप्या घातलेली माणसं.

मी विचारलं, "कोणाला काय दिसतं हे कोण ठरवतं?"

त्यांच्याकडे याचं उत्तर नव्हतं. माझ्याकडे होतं.

तुम्हालाही असं काही दिसत असेल तर आजच डॉक्टरांना सांगा. दोन महिने थांबू नका.

*

बॉनीची भेट तिसऱ्या दिवशी झाली. क्लारानं मला आमच्याच हॉलमध्ये खुर्चीवर बसवलं आणि म्हणाली, "हाक मारू नका. हात पुढे करू नका. तिला येऊ द्या." मग तिच्या गळ्याच्या पट्ट्याची दोरी माझ्या हातात देऊन ती आणि जुई बाहेर निघून गेल्या.

कुत्र्यांचा मला अनुभव नव्हता. आमच्या घरात आई दारातल्या कुत्र्याला पोळी टाकायची, ती उंबऱ्याच्या बाहेर. मेधाच्या आईंनी तर फोनवर विचारलं होतं, "अगं, ते देवघरात शिरलं म्हणजे?" मेधा म्हणाली, "आई, ते शिकलेलं आहे. जावयांपेक्षा जास्त."

बॉनी बराच वेळ जागची हलली नाही. मग नखांचा टकटक आवाज. माझ्या बुटांपाशी श्वास. ओलं नाक मनगटाला लागलं आणि मी दचकलो. ती मागे सरकली. मी तसाच बसून राहिलो. थोड्या वेळानं तिनं पूर्ण वजन माझ्या पायावर टाकलं आणि एक मोठा सुस्कारा सोडला, सगळा दिवस उभं राहून आलेल्या माणसासारखा. माझ्या मनात पहिला विचार आला तो आनंदाचा नव्हता. बिचारीला माहीत नाही आपण कोणाच्या हाती पडलोय, असा होता.

बिल्डिंगच्या वॉचमननं, आमच्या हारिसनं, पहिल्या दिवशी लिफ्टपासून लांब उभं राहून विचारलं, "सर, ये काटेगा?"

"नहीं."

"पक्का?"

"इन्शाल्ला," जुई मागून म्हणाली. तो आणखी एक पाऊल मागे गेल्याचं मला ऐकू आलं.

फेब्रुवारी होता. सकाळी सहाला फूटपाथ गार असायचा, तेव्हाच आम्ही चालायचो. पुढे बॉनी आणि मी, मागे क्लारा, तिच्या मागे जुई. घरातल्या एका माणसानं सगळं बघून शिकायचं, असा नियम होता. जुईची विद्यापीठातली तासिका दहाला असायची. सकाळी ती मोकळी असायची. ती करेल का, असं मी तिला विचारलं नव्हतं. सगळ्यांनीच ते गृहीत धरलं होतं.

अडचण थोबांची होती. लुसैलच्या मोकळ्या फूटपाथवर ते अचानक समोर यायचे आणि मी दांडा मागे खेचून थांबायचो. बॉनी गोंधळून थांबायची. क्लारा विचारायची, "काय झालं?" मी म्हणायचो, "काही नाही." सहाव्या दिवशी तिनं मला बाकावर बसवलं.

"तुम्ही रस्त्यावर काहीतरी बघता," ती म्हणाली.

मी सांगितलं, मेंदू चित्रं काढतो म्हणून. थोब का, ते सांगितलं नाही. जुई दोन हातांवर उभी होती.

"मग तुमच्या चित्रांवर विश्वास ठेवू नका. तिच्यावर ठेवा. ती चालत असेल तर चाला."

दुसऱ्या दिवशी मी तेच केलं. समोर पांढरं उभं राहिलं, बॉनी चालत राहिली, मी दात घट्ट मिटून तिच्याबरोबर त्या कापडातून आरपार गेलो. काही लागलं नाही. पलीकडे मोकळी हवा होती. "गुड गर्ल," मी म्हणालो. त्या दिवशी मी घरी चहाबरोबर दोन वेळा पोहे मागून खाल्ले.

*

आता चुकीबद्दल. ती माझ्यासारखा माणूसच करू शकतो.

आठव्या दिवशी आम्ही पहिल्यांदा आमच्या गल्लीत चाललो. फरीज बिन ओमरानचे फूटपाथ लुसैलसारखे नाहीत. गाड्या वर चढवलेल्या असतात, एसीचं पाणी ठिबकतं, पावलापावलाला मांजरं. मी मनाशी ठरवून निघालो होतो, की आज थांबायचं नाही. पांढरं आलं तरी नाही. कोपऱ्याच्या पुढे बॉनी हळू झाली आणि थांबली.

शिकवलेलं असं होतं, की ती थांबली की आधी आपण थांबायचं, पाय पुढे करून चाचपायचं, ती का थांबली ते शोधायचं, मग पुढचं. मला कोपऱ्यावरच्या दुकानातून भाजलेल्या मांसाचा वास आला. वाटलं, हिचं लक्ष खाण्याकडे गेलंय. "फॉरवर्ड." ती हलली नाही. मी दांडा ढकलला. "बॉनी, फॉरवर्ड!" ती माझ्या पायांसमोर आडवी झाली. मी तिला गुडघ्यानं बाजूला सारलं आणि तिला ओलांडून पाऊल टाकलं.

केबलसाठी फूटपाथ खणला होता. पुढे बुटका लोखंडी अडसर होता. नडगी त्याच्यावर आदळली आणि मी अडसरावरून पलीकडे तोंडावर पडलो. तळहात सोलले, तोंडात माती गेली. बॉनीच्या गळ्याची दोरी माझ्या मनगटातच होती. ती खड्ड्याच्या काठाशी पाय रोवून उभी राहिली म्हणून मी आणखी खाली गेलो नाही. मी कसाबसा गुडघ्यांवर उठलो, तिची मान हाताला लागली, आणि मी मराठीत ओरडलो,

"तू का नाही सांगितलंस?"

मागे जुईच्या बुटांचा आवाज थांबला.

क्लाराला मराठी येत नव्हती, पण आवाजाचा अर्थ लावायला भाषा लागत नाही. तिनं मला बाहेर काढलं, हात पुसले, काही मोडलं नाही ना ते पाहिलं. मग म्हणाली, "तिनं सांगितलं. दोनदा. मग आडवीसुद्धा झाली. पुढे कोण गेलं?"

"मी."

"कुत्र्याची चूक झाली तर दहा पावलं मागे जाऊन पुन्हा करायचं. तुमची चूक झाली तरी तेच. चला."

आम्ही मागे गेलो. पुन्हा आलो. बॉनी त्याच जागी थांबली. मला वाटलं होतं ती आता थांबणार नाही, घाबरेल, किंवा माझ्यासाठी काही करणारच नाही. ती थांबली. मी पाय पुढे केला, अडसराला बूट लागला. आता तिला शाबासकी द्यायची होती.  मी खाली बसलो आणि तिच्या मानेत तोंड घातलं. ती शेपटी हलवत होती. इतक्या लवकर माफ करणारा जीव मला नको होता, खरं सांगतो.

"जुई?" मी म्हणालो.

"शी वेंट अप," क्लारा म्हणाली. वर गेली.

*

त्या संध्याकाळी मेधा वरण वाढत होती. जुई ताटावर होती पण बोलत नव्हती. मी म्हणालो, "मेधा, बस जरा. दोघींना काही सांगायचंय."

"जेवता जेवता सांगा की. भात गार होतोय."

"मानबहादूरच्या अपघाताबद्दल."

पळी भांड्यात ठेवल्याचा आवाज आला. मी सगळं सांगितलं. ड्रॉवर, फॉर्म, को-पायलट, आणि गाडीतलं ते वाक्य.

"म्हणजे तुम्हाला तेव्हा दिसत नव्हतं?" मेधा म्हणाली.

"समोरचं दिसत होतं."

"मी काय विचारतेय?"

"नव्हतं दिसत."

ती खुर्ची ओढून बसली. मग अगदी हळू आवाजात म्हणाली, "मी हिच्या शाळेत जाऊन टीचरशी भांडले होते. मुलगी एकाएकी बोलेनाशी झाली, तुम्ही वर्गात काय केलंत म्हणून. ती बाई रडली होती हो माझ्यासमोर. आणि तुम्ही माझ्या शेजारी उभे होतात."

"होतो."

"'शांत हो, होईल ठीक' म्हणालात."

 मी जुईच्या बाजूला तोंड केलं. "जुई, गाडी मी चालवत होतो. बघायचं काम माझं होतं. तुझी काही चूक नव्हती. तरी मी तुला तसं म्हणालो, आणि मग ते तुझ्यावर राहू दिलं."

"आय नो," जुई म्हणाली.

"काय?"

"मला माहितीये, बाबा. मानअंकलनी सांगितलं होतं."

मला कळेना. ती सांगत गेली. अपघातानंतर मानबहादूर कामावर आला त्या आठवड्यात ती एकटी खाली गेली होती. "मी त्यांना सॉरी म्हटलं. मी बघितलं नाही म्हणून झालं, असं म्हटलं. ते म्हणाले, 'बेटी, गाड़ी तुम चला रही थी क्या?' मी म्हटलं, नाही. ते म्हणाले, 'फिर?'" ती थांबली. "बस, एवढंच. मग त्यांनी मला ज्यूस दिला. लेफ्ट हँडनं इस्त्री करत होते ते."

"मग तू मला का नाही..." मी सुरू केलं, आणि माझं तोंड आपोआप मिटलं. मेधानं श्वास आत घेतल्याचं मला ऐकू आलं.

"कारण ते तू सांगायचं होतंस," जुई म्हणाली. "त्यांनी नाही. तू ऑफिसातून यायचास ना, दारात बूट काढायचास, तेव्हा मी हॉलमध्ये येऊन बसायचे. मला वाटायचं, आज सांगेल."

"किती दिवस?"

"रोज. नववीत जाईपर्यंत. मग आय स्टॉप्ड."

ती उठली, ताट सिंकमध्ये ठेवलं, नळ सोडून धुतलं, आणि आत गेली. रडली नाही. मी रडलो असतो तर तिला पुन्हा माझ्याचकडे बघावं लागलं असतं, म्हणून मीही नाही रडलो. मेधानं माझं ताट उचललं नाही. ते मी चाचपत उचललं.

*

हे वाचून कोणाला वाटेल की सांगितल्यानं मन हलकं होतं. माझं झालं नाही. थोब अजून येतात. मेधा माझ्याशी कामापुरतं बोलते, आणि ते बरोबरच आहे. मानबहादूर कुठे आहे ते मला कळणार नाही, आणि त्याच्याकडे मी कधीच गेलो नाही हे आता बदलणार नाही. फक्त एवढं सांगतो. नजर कमी होत असेल तर घरातल्या लहान मुलाचे डोळे उसने घेऊ नका. खेळ म्हणूनही नको. त्यांना कळत नाही की ते नाही म्हणू शकतात.

जुई नवव्या दिवसापासून सकाळी आली नाही. क्लारानं विचारलं, मी म्हणालो, ती झोपलीय. ते मात्र खरं होतं. राहिलेले दिवस आम्ही तिघंच चाललो. मला आता आमच्या गल्लीपासून मोठ्या रस्त्यावरच्या फार्मसीपर्यंत एकट्यानं जाता येतं.

शेवटच्या दिवशी क्लारानं कागद भरायला घेतले. बॉनी आता माझी, अशा अर्थाचे. ती वाचत होती, मी हो-नाही म्हणत होतो. मधेच ती म्हणाली, "घरातली दुसरी जबाबदार व्यक्ती. तुम्ही आजारी पडलात तर कुत्र्याला फिरवणारी, तुमच्याबरोबर चालणारी. इथं आधीच मुलीचं नाव आहे."

"कोणी लिहिलं?"

"अर्ज भरताना तुम्हीच सांगितलं असेल."

मीच सांगितलं होतं. "ते नाव काढा," मी म्हणालो.

"मग कोणाचं लिहू? रिकामं ठेवता येत नाही."

स्वयंपाकघरात कप ठेवल्याचा आवाज झाला. "माझं लिहा," मेधा म्हणाली. तिनं इंग्रजीत स्पेलिंग सांगितलं, एकेक अक्षर, आणि लॅबला निघून गेली. क्लारानं जुनं नाव खोडलं. पेन कागदावर दोनदा फिरल्याचं मी ऐकलं.

जुई तिच्या खोलीतून बाहेर आली होती. केव्हापासून उभी होती, माहीत नाही.

"मग आता सकाळी मी यायचं नाही?" तिनं विचारलं.

"नाही."

"कधीच?"

"नाही. हे तुझं काम नव्हतं. माझं होतं."

 बॉनीनं जमिनीवर शेपटी आपटली, पण जुई तिच्याजवळ आली नाही.

"ओके," ती म्हणाली. "मग मी आठपर्यंत झोपणार."

"झोप," मी म्हणालो.